अकरा सह्या आणि एक शब्द

नोकरीतली बरीच प्रकरणे मी विसरलो. हे एक विसरता आलेले नाही, आणि ते विसरण्याचा मला हक्क आहे असेही वाटत नाही.

तेव्हा मी पुण्याजवळच्या औद्योगिक पट्ट्यातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी निरीक्षक होतो. निवृत्तीला सव्वा वर्ष उरले होते. साठलेल्या अर्जित रजेतून दीड महिना काढून मी नेदरलँड्सला मुलीकडे आलो होतो. मुलगी आणि जावई दोघेही आयटीतले, रॉटरडॅमला लागून असलेल्या कापेल आन डेन आयसेलला राहतात. मला काम काहीच नव्हते. सकाळी सुपरमार्केटमधून दूध आणायचे, नातीशी मराठीत बोलायचे आणि तिची डच-इंग्रजी उत्तरे ऐकून मान डोलवायची. पण पोलिसाला रजा मानवत नाही. समोरच्या इमारतीत कोण किती वाजता येते-जाते हे आठवड्याभरात मला पाठ झाले. मुलगी वैतागून म्हणाली, "बाबा, इथं लोक पडदे उघडे ठेवतात ते तुम्ही आत बघावं म्हणून नाही."

अशाच एका सकाळी ठाण्यातून आमच्या गोपनीय शाखेच्या हवालदाराचा फोन आला. पासपोर्ट आणि चारित्र्य पडताळणीचे काम त्याच्याकडे असे.

"साहेब, तुम्ही नेदरलँडातच आहात ना? इथं एक बाई बसल्यात. त्यांचा मुलगा तिकडंच आहे, नऊ दिवस फोन नाही म्हणतात."

नेदरलँड म्हणजे जणू शेजारचे बीट असल्यासारखा तो बोलत होता. मला हसू आले. पण त्याने बाईंच्या हातात फोन दिला आणि माझे हसणे थांबले.

"साहेब, तुमची सही बघितली म्हणून पाठवला मी त्याला. नाहीतर एकुलता एक पोरगा कोण धाडतो एवढ्या लांब?"

बाई एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये पोळ्या करायच्या. मुलगा वेल्डर, चोविशीतला. उत्तरेला समुद्रातल्या तेलक्षेत्रात काम मिळाले म्हणून दोन महिन्यांपूर्वी गेला होता. एजंटाच्या पत्रकात लिहिले होते: चार आठवडे काम, चार आठवडे विश्रांती, राहणे-खाणे फुकट, पगार युरोत, आणि काम काय, तर यंत्रावरच्या मीटरवर लक्ष ठेवायचे. आधी रॉटरडॅमला प्रशिक्षण, मग जहाजाने उत्तरेला. बाईंनी सोबत एक कागद आणला होता. प्लास्टिकमध्ये घालून देवाजवळ ठेवलेला. तो माझ्या सहीचा चारित्र्य पडताळणीचा दाखला होता.

हवालदाराला मी रजिस्टर बघायला सांगितले. तो मुलगा जाण्याआधीच्या दोन महिन्यांत असे अकरा दाखले मी दिले होते. अकराही जणांच्या अर्जात कारण एकच, 'परदेशी तेलक्षेत्रात नोकरी'. मी ते वाचले नव्हते असेही नाही. एकदा मी हवालदाराला म्हणालो होतो, "अरे, आपली हद्द रिकामी करून सगळे तेल काढायलाच निघाले की काय?" तो हसला, मी सही केली. दाखला देताना आम्ही अर्जदार तपासतो. त्याच्यावर गुन्हा आहे का, दिलेल्या पत्त्यावर राहतो का, शेजारी काय म्हणतात. तो कुठे जातोय आणि त्याला कोण नेतेय, हे आम्ही विचारत नाही. एजंटाचे ऑफिस ठाण्यापासून शंभर पावलांवर मिठाईच्या दुकानावर होते. गणपतीच्या बंदोबस्तात तो आमच्या पोरांना चहा आणि वडापाव पाठवायचा. अशा माणसाकडे आमचे लक्ष जात नाही, आणि हे त्याला आमच्यापेक्षा चांगले माहीत होते. ही सगळी मुले पर्यटकाच्या व्हिसावर गेली होती, हे नंतर कळले. त्या व्हिसाला आमचा दाखला लागतच नाही. तो फक्त आयांना दाखवायला गोळा केला होता.

"कंपनीच्या कुणाशी बोलणं झालं होतं का?" मी बाईंना विचारले.

"झालं ना. तिथल्या साहेबानं व्हिडिओ केला होता. आपला मराठी माणूस. मावशी म्हणाला मला. म्हणाला, मावशी, पोरगा माझ्याजवळ आहे, घोर करू नका."

तो व्हिडिओ भाचीने फोनमध्ये उतरवून ठेवला होता. हवालदाराने मला पाठवला. नारिंगी पोशाख, डोक्यावर हेल्मेट, डोळ्यांवर जाड चष्मा, मागे लोखंडी कठडा आणि करडे आकाश. वाऱ्याचा आवाज असा की निम्मे शब्द ऐकू येत नव्हते. मी तो दहा-बारा वेळा पाहिला. शेवटी बोलण्याच्या भरात त्याचा फोन जरा कलला आणि कोपऱ्यात एक सायकल दिसली. भर समुद्रात तेलाच्या फलाटावर सायकल कशाला?

मी मुलीला हाक मारली. ती स्वयंपाकघरातून हात पुसत आली, चित्र थांबवून पाहिले आणि खुर्चीवर बसली.

"बाबा, ही माझी फीट्स आहे." सायकलला तिच्या घरात सगळे डचमध्ये फीट्सच म्हणतात. "हे पिवळं बेबीसीट आपल्या पिल्लूचं. मराठी ग्रुपवर टाकली होती, कुणाला हवी असेल तर फुकट. एक मुलगा घेऊन गेला. जाताना पोहे खाऊन गेला होता."

मुलगा आमच्याच हद्दीतला निघाला. मास्ट्रिख्टच्या विद्यापीठातून पदवी घेतलेला, आता हार्लेमला एका खोलीत राहून नोकरी शोधत होता. मुलीकडे त्याचा नंबर होता. मी तिला म्हणालो, "त्याला रविवारी जेवायला बोलाव. बाबा आलेत, तुझ्याच भागातले आहेत, म्हणाव."

घरापासून लांब एकट्या राहणाऱ्या मराठी मुलाला वरण-भाताचे आमंत्रण दिले की तो येतोच. हे मला ठाऊक होते, म्हणूनच मी ते वापरले. मुलीला मी फक्त दोन प्रश्न विचारायचे आहेत असे सांगितले.

तो आला. दारात बूट काढले, मला वाकून नमस्कार केला, "काका, आमच्या कॉलनीत तुमचं नाव ऐकलंय," म्हणाला. नातीसाठी चॉकलेट आणले होते. जेवताना त्याने तीनदा भात घेतला. वडील कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झाले होते. मुलाच्या शिक्षणासाठी त्यांनी काय काय केले ते तो अभिमानाने सांगत होता. मी सगळे ऐकून घेतले. आरोपीला आधी पोटभर बोलू द्यावे, हा माझा जुना नियम. पाने उचलल्यावर मी फोन त्याच्यासमोर ठेवला आणि व्हिडिओ चालू केला.

तो संपेपर्यंत मुलाने मान वर केली नाही.

"हे कुठं केलंस?"

"हार्लेमला. पार्किंगच्या गच्चीवर," तो म्हणाला. मग हळूच, "साहेब." काकाचा साहेब झाला, तेव्हाच मी ओळखले की हा आता बोलणार.

हकीकत सरळ होती. पदवीनंतर नोकरी शोधायला मिळालेले वर्ष सहा आठवड्यांत संपणार होते. कुठलीही कंपनी त्याचे परमिट करायला तयार नव्हती. एजंट त्याच्या वडिलांच्या ओळखीचा. त्याने सांगितले, कंपनीचा इथला समन्वयक म्हणून तुझे परमिट करतो, तोवर एवढे एक काम कर. मुलांच्या घरच्यांना धीर दे.

"मला वाटलं मुलं खरंच वर जातात, साहेब. नेटवर्क नसतं म्हणून त्यांच्या वतीनं मी बोलायचं."

"खरंच वाटलं?"

त्याने फोन माझ्याकडे सरकवला. "पहिल्या दोन व्हिडिओंपर्यंत वाटलं. नंतर मी विचारणं बंद केलं."

हे उत्तर मला आवडले नाही, कारण ते माझेही होते. पण त्या वेळी मी आवाज चढवला.

"मुलं कुठं आहेत?"

"मी सांगितलं तर माझं सगळं संपेल. बाबांना काय तोंड दाखवू?"

तेव्हा मी जे केले ते आयुष्यभर करत आलो होतो. खुर्ची जवळ ओढली, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "तू पत्ता दे. तुला साक्षीदार करतो. तुझ्या केसालाही धक्का लागणार नाही. माझा शब्द आहे."

त्याने पत्ता दिला. एजंटाने प्रशिक्षणाची जागा म्हणून त्याला कळवलेली, भाजीच्या काचगृहांच्या भागातली, सुट्टीत भाड्याने देतात तसली दोन लाकडी घरे. रात्री भांडी आवरताना मुलगी फक्त एवढे म्हणाली, "जेवायला बोलावून, बाबा? आपल्या घरी?"

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन मी इथल्या पोलीस ठाण्यात गेलो. माझ्या मुलीच्या वयाची एक अधिकारी होती. मीही पोलीस आहे कळल्यावर तिने आधी कॉफी दिली. पत्ता कुणाकडून मिळाला, असे तिने विचारले. "ओळखीच्या माणसाकडून," मी म्हणालो. मग मी फोनवर दाखला दाखवला. मुलगी तिला डचमध्ये समजावत होती. अधिकारी कागद वरून खालपर्यंत पाहून म्हणाली, "यात नोकरी देणाऱ्याचं नाव कुठं आहे?"

"तसा रकाना नाही," मी म्हणालो. मुलीने ते भाषांतर करताना माझ्याकडे पाहिले नाही.

तीन दिवसांनी कारवाई झाली. अकराही मुले सापडली. पासपोर्ट मुकादमाच्या कपाटात होते, फोनही त्याच्याचकडे. पहाटेपासून टोमॅटोचे वेल साफ करायचे, संध्याकाळी मुकादम त्यांना घरात कोंडायचा. मला त्यांना भेटू दिले. वेल्डरच्या हातांवर वेलाचा हिरवट-काळा रंग चढला होता, साबणाने न जाणारा. मी आईचा निरोप सांगितला. तो रडेल असे मला वाटले होते.

"साहेब, आईला सांगा मी तेलावर आहे," तो म्हणाला. "आल्या दिवशी काढलेला माझा नारिंगी ड्रेसातला फोटो तिनं कॅन्टीनमध्ये सगळ्यांना दाखवलाय."

मी बाईंना फोन करून 'मुलगा सुखरूप आहे' एवढेच सांगितले. त्यांनी तिकडून मला इतके आशीर्वाद दिले की मला फोन कानापासून दूर धरावा लागला.

इथपर्यंतची गोष्ट मी अनेकांना सांगितली आहे. सायकलपाशी सगळे हसतात. पुढची सांगत नाही.

मी रजेवरून परतलो. मुले आली, त्यांचे जबाब झाले, गुन्हा दाखल झाला, तपास गुन्हे शाखेकडे गेला. एजंटाने अटकपूर्व जामीन मिळवला आणि त्यानंतर तो कुणाला दिसला नाही. मुलांच्या आयांनी ज्याला पाहिले होते तो एकच चेहरा, व्हिडिओतला. तो आरोपी क्रमांक दोन झाला. नोकरी शोधायच्या वर्षाची मुदत संपून तो मुलगा मुंबईला उतरला, तेव्हा विमानतळावरच त्याला ताब्यात घेतले.

तपास अधिकारी एके काळी माझ्या हाताखाली होता. त्याचा मला फोन आला. "सर, हा म्हणतो तुमच्या घरी जेवायला आला असताना यानंच पत्ता दिला. असं काही झालं होतं का?"

परक्या देशात, रजेवर असताना, परवानगीशिवाय स्वयंपाकघरात घेतलेला जबाब. वरिष्ठांनी खुलासा मागितला असता. अकरा सह्यांचा विषय निघाला असता. निवृत्तीवेतनाचे कागद तेव्हा टेबलावर होते.

मी म्हणालो, "मी रजेवर होतो. अधिकृत असं काही नाही."

तो समजला. आमच्या खात्यात एवढे पुरते.

निवृत्तीच्या महिन्यात हवालदाराने नेहमीसारखा अर्जांचा गठ्ठा समोर ठेवला. त्यात त्या मुलाचा अर्ज होता. जामिनावर सुटल्यावर त्याला एका कारखान्यात निवडले होते, चारित्र्य पडताळणी हवी होती. बाहेर बाकावर वडील बसले होते, इस्त्रीचा शर्ट घालून, हातात कागदांची पिशवी. नियमाने मला एकच शेरा लिहिता येत होता आणि मी तो लिहिला: 'गुन्हा न्यायप्रविष्ट.' वडिलांनी चष्मा लावून तो वाचला, घडी घालून पिशवीत ठेवला.

"साहेब, तो अजून म्हणतो, काकांनी मला जेवू घातलंय, ते विसरायचे नाहीत." एवढे बोलून त्यांनी नमस्कार केला आणि गेले.

या प्रकरणाने काय शिकवले, असे लोक विचारतात. समोरच्याकडून बोलणे कसे काढावे हे मला तीस वर्षे येत होते. त्यासाठी दिलेला शब्द नंतर पाळायचा असतो, हे मी कधी मनावर घेतले नाही. चोराला दिलेला शब्द कोण पाळतो, असे आम्ही ठाण्यात म्हणायचो. तो मुलगा निर्दोष होता असे मी म्हणत नाही. विचारायचे सोडून देणे हा त्याचा दोष. माझाही तोच होता, आणि माझ्या खांद्यावर तारे होते.

आता मी पुन्हा कापेलला मुलीकडे आहे. मी असलो की ती विद्यार्थ्यांना जेवायला बोलवत नाही. त्याचे कारण मी विचारलेले नाही. मागच्या महिन्यात मी मुलाच्या वकिलाला कळवले की, बचाव पक्षाचा साक्षीदार म्हणून माझे नाव द्या, त्या रविवारी काय झाले ते मी शपथेवर सांगतो. उत्तर मुलाकडून आले, फोनवर, एका ओळीत: 'काका, तेव्हा त्यांनी विचारलं होतं तुम्हाला.'

मी ती ओळ मुलीला दाखवली. तिने वाचली आणि विचारले, "मग? जाणार का नाही?"

जाणार आहे. प्रतिज्ञापत्राचा मसुदा वकिलाने पाठवला आहे, त्यात अकरा दाखल्यांचाही उल्लेख मी घालायला लावला. या वेळी वाचून सही केली.