पेंटरची चौथी गोळी

पडदा वर जातो तेव्हा समोर एक अरुंद दुकान दिसतं. भिंतीला टेकवलेल्या पत्र्याच्या पाट्या, डब्यांत उभे ब्रश, टर्पेंटाइनचा वास. मधोमध स्टुलावर पेंटर. अख्खी बाजारपेठ त्यांना पेंटरच म्हणायची. खरं नाव बायकोलाही आठवावं लागायचं. पुढ्यात बेकरीची नवी पाटी, आणि पाटीवर उतरणीला लागलेली अक्षरं.

बेकरीवाला मान तिरकी करून म्हणाला, "पेंटर, आमचा धंदा बसलाय हे गावाला कळवायचंय का?"

पेंटर हसले आणि त्यांनी पाटी पुसून टाकली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते. शस्त्रक्रियेसाठी ते दोनदा गेले आणि दोनदा हात हलवत परतले. रक्तदाब असा चढलेला, की डोळ्यांचे डॉक्टर हात लावायला तयार नव्हते. तीन तऱ्हेच्या गोळ्या रोज पोटात जात होत्या. रक्तदाब ढिम्म हलत नव्हता.

मग ते रक्तदाबाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. मुलीच्या वयाच्या, पण बोलणं ठाम. त्यांनी समजावलं, की एक चौथी गोळी आहे. ज्यांचं शरीर मीठ आणि पाणी धरून बसतं त्यांना ती छान लागू पडते. इतरांना फायदा थोडा, ताप जास्त. आपला माणूस कुठल्या गोटातला, हे रक्ताच्या एका तपासणीवरून बरंचसं ताडता येतं. आकडा खाली आला तर आशा धरायची. फक्त तोवर जेवण नेहमीसारखंच ठेवा, असं त्यांनी बजावलं.

आकडा चांगला वर आला.

डॉक्टरीणबाईंच्या कपाळाला आठी पडली. हे पेंटरच्या बाकीच्या लक्षणांशी जुळत नव्हतं. त्यांनी जेवणाची चौकशी केली. पेंटर म्हणाले, उत्तम होतं. शेजारी बसलेल्या बायकोचा चेहरा मात्र पडला.

"मी मीठ बंद केलं होतं," ती हळूच म्हणाली. "चिमूटभरसुद्धा नाही घातलं. परीक्षेला जायचं तर तयारी करून जावं, म्हणून."

"आणि काका, तुम्हाला कळलं नाही?"

"कळलं की. पहिल्याच घासाला."

"मग बोलला का नाहीत?"

"लग्न झाल्यापासून पानातल्याला नाव ठेवलं नाही. आता म्हातारपणी कशाला खोड लावून घेऊ?"

डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना. मग त्यांनी बायकोला सांगितलं, की चोर पकडायला पहारा बसवायचा आणि अंगणभर दिवे लावून ठेवायचे, असं झालं हे. मिठाशिवाय शरीर निराळं वागतं, आणि खोटाच आकडा दाखवतं. बायकोने पदराने डोळे टिपले. आपल्या मायेपायी नवऱ्याचे डोळे जायची वेळ आली होती, हे तिला पुरतं कळलं होतं. पेंटरनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

काही दिवस रीतसर जेवून तपासणी पुन्हा झाली. या खेपेला आकडा तळाला होता. हा अंदाज आहे, वचन नव्हे, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलंच. पेंटरनी मान डोलावली; पहिला हात मारल्याशिवाय भिंत रंग धरते की नाही हे कुठे कळतं, म्हणाले. चौथी गोळी सुरू झाली. मधूनमधून रक्त तपासत राहिले, आणि हट्टी म्हातारा जिना उतरावा तसा रक्तदाब एकेक पायरी खाली आला.

डोळ्यांच्या दवाखान्यात नर्सने दंडाला पट्टा बांधला तेव्हा बायको खिडकीबाहेर बघत राहिली. पट्टा फुगला, सैल झाला. नर्स नुसतं "चला" म्हणाली. बायकोच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

पेंटर शस्त्रक्रियेच्या खोलीच्या दारात थांबले. मागे वळून, त्या धुरकट दिसणाऱ्या आकृतीला म्हणाले, "अगं, उद्या पट्टी निघाली की आधी तुझं तोंड बघणार आहे. रडून सुजवून ठेवू नकोस."