घर तुमचंच कशावरून?

चावी आत ठेवून मी दार ओढून घेतलेलं, म्हणून कोपर स्टेशनबाहेरच्या चावीवाल्याला घेऊन आलो. तर हा हत्यारांची पिशवी मांडीवर घेऊन जिन्यातच बसला.

"घर तुमचंच कशावरून?"

माझ्या आधारवर पत्ता जुना, आंबिवलीचा. मी वैतागलो. "अहो, चोर कधी चावीवाल्याला घेऊन येतो का?"

"हुशार असला तर येतो. शेजाऱ्यांना बोलवा."

शेजारचे काका चपलांच्या रॅकवरून माझ्याशी भांडणारे. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"याचंच आहे. रोज भांडायला इथूनच बाहेर येतो."

चावीवाल्याचं समाधान झालं. त्याने एक तार कुलपात घातली, डोळे मिटले, आणि अर्ध्या मिनिटात दार उघडलं.

माझा राग पार उतरला. आमच्या बिल्डिंगमधली सगळी दारं कुलपांमुळे नाही, या माणसाच्या हट्टामुळेच बंद होती.