दोन सिस्टीम आणि मानपानाची यादी

आधी माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही, त्यामुळे आपण लिहावं की नाही, हा संकोच अजून जात नाही. पण चूक माझी आहे, तेव्हा ती मीच सांगितलेली बरी.

हसनाबादहून मी नवीन जालन्यात चुलत काकांकडे शिकायला राहिलो होतो. काका बियाण्यांच्या गोदामावर सुपरवायझर. त्यांच्या कम्प्युटरवर काकूंनी विणलेलं झाकण असे. दसऱ्याला मॉनिटरला हळदकुंकू लागे. खरं काम करणारा डबा टेबलाखाली उपाशीच. त्यात विंडोज होतं. मला प्रॅक्टिकलसाठी लिनक्स ही दुसरी सिस्टीम हवी होती. एका यंत्रात दोन्ही नांदतात, असं मी मोठ्या ऐटीत सांगितलं.

काकांनी एकच अट घातली. "माझ्या यादीला धक्का लागला तर बिस्तरा उचलायचा."

यादी काकांच्या मुलीच्या, म्हणजे ताईच्या, ठरलेल्या लग्नातल्या मानपानाची. कुणाला फेटा, कुणाला पूर्ण पोशाख, कुणाला नुसतं टॉवेल-टोपी. काकांनी ती दोन महिने एका बोटानं टाइप केली होती. स्थळ पसंत करायलाही त्यांनी एवढा वेळ घेतला नव्हता.

चतुर्थीला काका राजूरला दर्शनाला गेले आणि मी सीडी घातली. यंत्रानं इंग्रजीत विचारलं, सगळी डिस्क वापरू का? दोघांना राहायचं तर सगळी लागणारच, असं वाटून मी हो म्हटलं. खाली आणखी चार ओळी होत्या. पण कम्प्युटर शिकणाऱ्यानं अडखळायचं नसतं, असा माझा समज होता. तासाभरानं लिनक्स आलं. विंडोज गेलं, यादीही गेली.

काका प्रसाद घेऊन आले. मी खरं ते सांगितलं. त्यांनी प्रसाद दिला आणि बिस्तऱ्याकडे बोट दाखवलं. मी वळकटी बांधायला बसलो, तशा काकू आडव्या आल्या.

"राहू द्या. लेकरू शिकून राह्यलं. यादीचं काय, तुम्ही आठवून सांगा. मी हाये ना बराबर."

मी मित्राच्या मदतीनं आधी विंडोज टाकलं, मग लिनक्स, या वेळी प्रत्येक ओळ वाचून. दोन दिवस काका आठवत होते, काकू आठवण करून देत होत्या, मी टाइप करत होतो. लग्नात काकांचे मावसभाऊ फेट्याऐवजी मिळालेली टोपी मांडवातच ठेवून न जेवता निघून गेले. पुढं कित्येक वर्षं काका पाहुण्यांना सांगत, "याच्या लिनक्सनं माझे भाऊ तोडले." मी मान खाली घालून ऐकायचो. काकूंच्या मायेमुळे माझं शिक्षण झालं, हे मात्र भेटेल त्याला सांगायचो.

मागच्या दिवाळीत ताईचा फोन आला. काकूंची पेटी आवरताना तिला एक वही सापडली होती. मी सीडी घालण्याच्या आठवडाभर आधीच काकूंनी सगळी यादी हातानं उतरून ठेवली होती. लग्नात फेटे बांधून मिरवलेल्या काकूंच्या तिन्ही भावांच्या नावांपुढे तिथं लिहिलं होतं, टॉवेल-टोपी.