टाकीखालची चीर

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, वालीवच्या गाळ्यात वीस वर्षं माझ्या शेजारी वेल्डिंग करणाऱ्या भागीदारालाही नाही. सांगायला तोंड उघडतो आणि भलतंच काहीतरी बोलून बसतो.

जुनी वस्तू घ्यायची माझी एक पद्धत आहे. आधी बारीकसारीक उणिवा काढायच्या — टायर झिजलाय, बॅटरी गेलीय, सायलेन्सरला गंज आहे. सगळ्यात मोठी खोट मात्र पोटात ठेवायची. समोरचा बोलून बोलून दमला, की मग ती काढायची. ड्रिल मशीन असंच घेतलं, टेम्पो असाच घेतला. हा गाळासुद्धा.

आणि मग ती मोटारसायकल. सतराशे सीसीची, काळी, म्हशीसारखी रुंद. वसईतल्या एका गावात केळीच्या वाडीच्या मालकाकडे होती. सगळे त्याला अंकल म्हणत. चालू केली की जमिनीतून पायांत धडधड यायची. मला ती हवी होती — का, ते विचारू नका. आयुष्यभर टेम्पो चालवलेल्या माणसाला काय हवं असतं?

मी खाली आडवा झालो, मोबाइलचा टॉर्च लावला. टाकीच्या पुढच्या टोकाखाली, हँडल जिथे चेसीला मिळतं तिथे, रंगाच्या आत वेल्डिंग होतं. कच्चं वेल्डिंग. त्याच्या कडेने केसाएवढी चीर. अंकलला ते ठाऊक नसावं. माझ्यासारख्यालाच दिसणार होतं ते.

उठलो, हात झटकले आणि टायरबद्दल बोलायला लागलो.

खोट बाहेर काढायची वेळ आलीच नाही. तिसऱ्यांदा भाव पाडला तसा अंकल भडकला. "अरे, वेल्डिंगवाल्याला ही कशाला पायजे? टेम्पो घे, टेम्पो! गेटला जाळी लावायची असेल तेव्हा तुला फोन करतो." गाडी बघायला विरारहून एक तरुण जोडपं आलं होतं. तेही हसलं.

घाटावरून एका पिशवीनिशी इथे आलो, तेव्हापासून हे हसणं ऐकतोय. आजही आठवलं की कानशिलं तापतात. पण ते कारण म्हणून पुढे करत नाही.

गेटापाशी तो विरारचा मुलगा मागून धावत आला. "दादा, सॉरी हां. हसायला नको होतं. तुम्ही एवढं वाकून बघितलंत — घेण्यासारखी आहे ना?"

माफी मागत होता तो. एक वाक्य पुरलं असतं. मी काय म्हणालो?

"डोळे झाकून घ्या."

अंकलने मागितली तेवढी किंमत त्याने एका शब्दात दिली. घासाघीस न करणाऱ्या माणसाचा मला राग येतो. त्याचाही आला.

दोन महिन्यांनी तो गाळ्यावर हजर. बायकोला पाठ टेकायला मागे आधार बसवून हवा होता. "तुमच्या शब्दावर घेतली, दादा." मी टॉर्च लावून टाकीखाली पाहिलं. चीर बोटाच्या पेराएवढी लांबली होती. तेव्हा तरी? तेव्हा सांगायचं म्हणजे आधीचं खोटंही सांगायचं. मी आधार बसवला — मजबूत, देखणा. तिला बसवून बघितलं. ती म्हणाली, "आता कुठेही जाऊ."

चिंचोटीच्या पुढे हायवेला हँडल चेसीपासून सुटलं. तो जागच्या जागी गेला. ती वाचली, काठी घेऊन चालते.

तिथे एक खड्डा होता. सगळे म्हणाले, खड्ड्याने घात केला. मीही म्हणालो, तिच्या घरी बसून, तिच्या सासूसमोर.

तिने रस्त्याच्या ठेकेदारावर दावा लावला आहे. गेल्या महिन्यात वकिलाला घेऊन गाळ्यावर आली. गाडी सुस्थितीत होती, असं जाणकाराचं पत्र हवं होतं. वकिलाने विचारलं, "तुम्ही स्वतः तपासली होती?" मी हो म्हणालो. ते खरंच होतं.

ती स्टुलावर बसून माझ्या हाताकडे बघत होती. मी सही केली, खाली गाळ्याचा शिक्का मारला, आणि शाई वाळेपर्यंत कागद हातात धरून ठेवला.