ओठांकडे बघणारे आप्पा

आप्पा बोलणाऱ्याच्या डोळ्यांत कधी बघत नसत, ओठांकडे बघत. सुरतेतल्या बमरोलीच्या आमच्या चाळीत नवी आलेली सून त्यामुळे आधी गोरीमोरी व्हायची. मग तिला कुणीतरी सांगायचं, की कापड विणणाऱ्या लूमच्या खडखडाटात जन्म काढून आप्पांचे दोन्ही कान गेलेत. मी शाळामास्तर, पण मलाही त्यांनी पहिल्याच आठवड्यात सुनावलं, "मास्तर, मिशी काढा. तुमचं निम्मं बोलणं तिच्यातच राहतं." मी निमूट काढली.

त्यांच्या कारखान्यात एकदा सिनेमावाले आले. आवाज टिपणारा तरुण माइक घेऊन आप्पांच्या मागे मागे असायचा, त्यांच्या घरी त्यांच्या बायकोच्या, जिजींच्या हातची भाकरी खायचा. जाताना म्हणाला, "काका, अवॉर्ड मिला तो स्टेज से आपका नाम लूँगा." आप्पांनी ते त्याच्याकडून पुन्हा वदवून घेतलं.

आणि त्या सिनेमाला आवाजासाठी खरोखरच राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला! आप्पा हरखून गेले. "दिल्लीमा मनं नाव लेतीन," असं जो भेटेल त्याला सांगत सुटले. गावाकडचा भाऊ त्यांना 'सुरतेत कान विकून बसला' म्हणून हिणवायचा. त्यालाही त्यांनी समारंभ बघायला मुद्दाम बोलावून घेतलं.

टीव्हीसमोर आम्ही सगळे दाटीवाटीनं बसलो. तो तरुण आला, पदक घेतलं, हसला, नमस्कार केला आणि खाली उतरला. तिथे विजेत्यांना बोलायला देतच नाहीत, हे आम्हांला कुठं ठाऊक!

"लिधं! तुमनं नाव लिधं!" जिजी घाईनं म्हणाल्या. भावानंसुद्धा मान डोलावली.

"खोटं नको बोलू," आप्पा म्हणाले. "त्यानी तोंडच उघाडं नही."

त्या पोरानं नंतर जिजींना एक फोन तरी करायचा! मला अजून त्याचा संताप येतो.

त्या दिवसापासून आप्पा कुणाच्या ओठांकडे बघेनात. कुणी बोलू लागलं की नजर जमिनीवर. जिजी त्यांची हनुवटी धरून बोलायच्या, तर ते डोळे मिटून घ्यायचे. रडकुंडीला यायच्या बिचाऱ्या. पुढे दुखणं आलं. दवाखान्यात डॉक्टर पुन्हा पुन्हा विचारत, "काका, क्यां दुखे छे?" कुठं दुखतंय ते न सांगता आप्पा चादरीकडे बघत राहायचे. त्यातच ते गेले.

आदल्या दिवशी मी गुळगुळीत दाढी करून त्यांच्यासमोर बसलो होतो. सावकाश, तोंड उघडून म्हणालो, "आप्पा, एकदा बघा माझ्याकडे." त्यांनी बघितलं नाही.

मिशी मी अजून ठेवलेली नाही.