मुकादमाची जोडी

पाऊस नव्हता, गावात काम नव्हतं, म्हणून मी आणि माझा मित्र सहकारी कारखान्याचा ऊस तोडायला गेलो. टोळीचा मुकादम आमच्याच गावचा, शक्यतो नवरा-बायकोची जोडीच घ्यायचा. एकानं तोडायचं, दुसऱ्यानं मोळ्या बांधायच्या. आम्हा दोघा गड्यांनाही त्यानं जोडी म्हणूनच घेतलं आणि फडाजवळ राहायला पाचटाची एकच कोपी दिली. हंगामभर तो बाकीच्यांना सुनवायचा, "ह्यांच्याकडं बघा! नवरा-बायकोला बी इतकं जमत न्हाई."

पुढच्या साली पाऊस झाला. मी घरी सांगून टाकलं, मला लग्न करायचं नाही, माझ्या मित्रासोबतच राहायचंय. गोष्ट गावभर झाली, तेव्हा पारावर सगळ्यांच्या आधी तोच मुकादम ओरडला, "हे शहरातलं खूळ कुठून शिकलास बे?"

शहरातलं? आम्ही बीडसुद्धा धड बघितलं नव्हतं! तळपायाची आग मस्तकात गेली. एका कोपीत राहताना ह्याला काही दिसलं नव्हतं? सगळं दिसलं होतं. ऊस तुटत होता तोवर खपलं.

मग पुन्हा दुष्काळ पडला आणि मुकादम दारात येऊन उभा राहिला. "चला की. तुमच्यासारखी जोडी न्हाई."

"आन् ते खूळ?" मी विचारलं.

"ते गावात, बे. फडात कोण बघतंय?"