देवपुजारीकाकांचे पालथे पत्ते

देवपुजारीकाकांच्या घरी मी पहिल्यांदा पोकर खेळायला बसलो, तेव्हा पहिल्याच तीन पत्त्यांत मला तीन राजे आले आणि मी चिवडा खायचा थांबलो. नुसता थांबलो नाही, उचललेली मूठ परत वाटीत सोडली, ताठ बसलो आणि आवाज शक्य तितका उदास करून म्हणालो, "बघू, खेळतो आपला."

काकांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. वाटीकडे पाहिलं आणि डाव सोडून आपले पत्ते टाकले. "चिवडा थांबला. टाका रे सगळे."

सगळ्यांनी टाकले. मला राजम्याचे मोजके दाणे मिळाले. त्यावर कळस म्हणजे मी पालथे दोन्ही राजे उताणे करून तिन्ही टेबलभर दाखवले.

"झाक ते, बापा," काका म्हणाले. "कोणी मागितलं होतं का? लग्नाचा अल्बम आहे का तो?"

राजम्याचं असं, की आमच्या खेळात पैसा नव्हता. कुसुमकाकूंची ती अटच होती. एक राजमा म्हणजे दहा हरभरे, आणि जिंकलेलं धान्य ज्यानं त्यानं घरी न्यायचं. सोमवारी त्याची उसळ व्हायची. आमच्या घरी ती क्वचितच झाली.

ऐंशीच्या दशकातलं, अमेरिकेतलं रेडमंड. थंडीत पाऊस एकदा लागला की सूर्य रजेवर जायचा, आणि मराठी घरं इतकी थोडी, की रविवारी दुपारी जायचं कुठे हा प्रश्नच नव्हता. मी विमानांच्या पंखांची गणितं करायचो, म्हणून पोकर आपल्याला येणारच अशी माझी समजूत होती. काका नागपूरचे, पेशानं भूलतज्ज्ञ, साठीकडे झुकलेले. आडनाव देवपुजारी, आणि रविवारची पूजा पत्त्यांची. "मी लोकांना झोपवत नाही," ते म्हणायचे. "झोपवायला काय, तुझ्या ऑफिसातली एक मीटिंग पुरते. मी त्यांना परत आणतो."

आमचा खेळ सात पत्त्यांचा. पहिले दोन पालथे येतात, ते ज्याचे त्यानं कोपरा उचलून पाहायचे. पुढचे बहुतेक सर्वांसमोर उघडे पडतात. नवखा आणि मुरलेला कसा ओळखायचा, हे काकांनी मला शिकवलं ते याच दोन पालथ्या पत्त्यांवरून.

"नवखा सारखा कोपरा उचलून पाहतो," ते म्हणायचे. "पत्ते काय अंडी आहेत, उबवून बदलायला? मुरलेला एकदा पाहतो. मग त्याचे डोळे रिकामे झाले. आता ते तुझ्याकडे."

दुसरी खूण टाकलेल्या पत्त्यांची. कोणी डाव सोडला की त्याचे उघडे पत्ते गोळा होऊन जातात, आणि मुरलेल्याला ते सगळे आठवतात. कुठली राणी गेली, किलवरची किती गेली. नवखा डाव सोडला की चिवड्याकडे वळतो, नाहीतर मागाहून विचारतो, "मी थांबलो असतो तर काय आलं असतं हो?" त्यावर काका म्हणायचे, "टाकलेल्या पत्त्याचं सुतक पाळू नये."

एकदा अविनाशनं, म्हणजे आमच्यातल्या चेष्टेखोरानं, कॅलिफोर्नियाहून आलेल्या आपल्या मेव्हण्याला आणलं. त्याने पत्ते असे पिसले की पंख्यासारखे उघडले, कबुतरासारखे उडाले आणि परत हातात येऊन बसले. आमची मुलं टीव्ही सोडून बघायला आली. मी काकांच्या कानात म्हणालो, "आज आपली वाट लागणार." काका म्हणाले, "फसफसतं ते लोणचं अजून मुरलं नाही असं समजावं." तासाभरात मेव्हणा चहाची चौकशी करत स्वयंपाकघरात उभा होता. त्याच्यापुढे एक हरभरा उरला होता, तोही किडका.

पण काकांची नजर मला खरी कळली ती पत्त्यांच्या टेबलावर नाही, दुसऱ्या टेबलावर. माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं, तेव्हा भूल द्यायला काकाच होते. मी घाबरून बडबड करत होतो. भोवती यंत्रं टिकटिकत होती आणि काका यंत्राकडे नाही, माझ्या कपाळाकडे पाहत होते. "शरद, बोलत राहा," ते म्हणाले, "मी ऐकून राहिलो." जाग आली तेव्हाही तोच चेहरा समोर होता, तसाच बघणारा. त्या दिवसापासून माझी खात्री पटली, की हा माणूस पाहतोय तोवर आपलं काही वाकडं व्हायचं नाही.

आणि मग एका दिवाळीनंतर मी काकांना पालथे पत्ते दुसऱ्यांदा उचलताना पाहिलं.

मला वाटलं, ही काहीतरी चाल आहे. पुढच्या डावात त्यांनी ते तीनदा उचलले. त्याच्या पुढच्या रविवारी ते राणीची वाट पाहत बसले. त्यांच्यासमोर दोन राण्या उघड्या होत्या, तिसरीसाठी राजमे लावत गेले. उरलेल्या दोन्ही राण्या कधीच पडून गेल्या होत्या. त्यातली एक मीच टाकली होती, त्यांच्या डोळ्यांदेखत.

"काय काका, आज नवशिके झालात?" अविनाश हसला. काकाही हसले. मला हसता आलं नाही.

घरी येताना मी गाडीत बायकोला, नीलाला, सगळं सांगितलं. वायपर चालू होते. तिनं आतून धूसर झालेली काच पुसली. मग म्हणाली, "उद्या सकाळी ते कोणाला तरी भूल देणार आहेत."

"मी काय डॉक्टर आहे? पत्त्यांवरून असं कसं सांगायचं?"

"मग कशावरून सांगणार? त्यांचा पेशंट उठला नाही म्हणजे?"

पुढचा आठवडा मी वाईट काढला. ज्या माणसानं आपल्याला परत आणलं त्याला, 'तुमचा हात आता राहू द्या' असं कुठल्या तोंडानं सांगायचं? शिवाय मी त्या टेबलावरचा सर्वांत भिकार खेळाडू. रविवारी मी लवकर गेलो. काका स्वयंपाकघरात राजमा निवडत होते. काकू ओट्यापाशी पाठमोऱ्या होत्या. मी पाऊस, ट्रॅफिक, मुलांची शाळा, सगळं बोलून घेतलं आणि शेवटी शूर माणसासारखा म्हणालो, "काका, चष्म्याचा नंबर तपासून घ्यायला हवा का हो तुमच्या?"

काकांनी राजमा निवडणं थांबवलं. माझ्याकडे पाहिलं, अगदी त्या ऑपरेशनच्या दिवशीसारखं.

"चष्मा ठीक आहे. केव्हापासून पाहून राहिला?"

"दिवाळीपासून."

"राणीचं?"

"तेही."

ओट्यावरचा आवाज थांबला होता. काकू वळल्या मात्र नाहीत.

"मला शंका होती," काका म्हणाले. "पण आपल्या स्वतःच्या पत्त्यांबद्दल माणसाला ज्ञान नसतं रे, आशा असते. म्हणून वाटलं, कोणीतरी म्हणेल. तिकडे कोणी म्हणत नाही. मी औषधाचं नाव विसरलो की नर्स हळूच सांगते. इतकी वर्षं झाली ना, आदर करतात." मग म्हणाले, "अजून काही चुकलं नाही बरं का. कोणाचंच नाही."

"माहीत आहे काका."

"नाही, तुला माहीत नाही. मलाही शपथेवर माहीत नाही. तीच तर गोष्ट आहे."

ते उठले, भिंतीवरच्या फोनकडे गेले आणि आपल्या विभागप्रमुखाच्या घरी फोन लावला. मोजक्या इंग्रजीत म्हणाले की उद्यापासून माझं नाव कुठल्याही ऑपरेशनला लावू नका. का ते उद्या समक्ष येऊन सांगतो. पलीकडचा माणूस बहुधा रजेबद्दल बोलत असावा. "नाही," काका म्हणाले, "रजा नाही." फोन ठेवून ते परत आले, बसले, आणि राजमा निवडायला लागले. काकूंनी माझ्यापुढे चहा ठेवला.

दुपारी नेहमीचा खेळ झाला. काकांनी पालथे पत्ते मन मानेल तितक्या वेळा उचलून पाहिले, न लपवता, न लाजता. अविनाश काहीतरी बोलणार, तेवढ्यात मी टेबलाखालून त्याच्या नडगीवर लाथ मारली. ती थोडी जोरात लागली, पण त्याचं मला वाईट वाटलं नाही.

त्यानंतर ते चारेक वर्षं होते. आधी डाव लक्षात राहीनासा झाला, मग पत्ते, मग आमची नावं. तरी रविवारी ते टेबलावर असायचेच. शेवटी शेवटी मी शेजारी बसून त्यांचे पत्ते खेळायचो, आणि आम्ही दोघं मिळून हरायचो. त्याच काळात एकदा त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "जाग आली का नीट?" मी म्हणालो, "आली काका."

ते गेले तेव्हाही पाऊस होता. सगळं आटोपून परतताना गाडी नीला चालवत होती. मी उगाच बोलत होतो, माणूस अशा वेळी बोलतो तसा. म्हणालो, "काय माणूस होता! आयुष्यभराचं काम, आणि एका फोनमध्ये किती सहज सोडलं. मुरलेला खेळाडू तो."

नीलानं गाडी बाजूला घेऊन थांबवली.

"सहज?" ती म्हणाली. "अहो, तो अख्खा हिवाळा रोज पहाटे उठून, दाढी करून, कपडे घालून ते गॅरेजमध्ये गाडीत जाऊन बसायचे. गाडी सुरू करायचे नाहीत, नुसते बसायचे. उजाडेपर्यंत काकू त्यांच्याशेजारी बसायच्या आणि मग हाताला धरून आत आणायच्या. मला काकूंनी तेव्हाच सांगितलं होतं. तुम्हाला सांगायचं नाही, असं काकांनीच बजावलं होतं. म्हणाले, शरदला हे कळलं, तर पुन्हा कधी कोणाला काही सांगायची वेळ आली की त्याची जीभ रेटणार नाही."